गोळ्या वेळेवर, पण मनाचं काय?

(धरमतर खाडीच्या काठावरच्या गावांतल्या तरुणांच्या बैठकीत पेण इथे केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. लोणेऱ्याला इंजिनिअरिंग केलं, ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गेली तीन वर्षं आम्ही घरी अब्बांची शुश्रूषा करतोय आणि त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आज तीच चूक करत असतील, म्हणून ती सांगायला आलोय.

अब्बांना तुमच्यापैकी काही जण ओळखतात. ते बार्जवर सारंग होते. आधी कुवेतला टगवर, मग परत येऊन इथे धरमतरला. बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजातून माल बार्जमध्ये घ्यायचा आणि भरतीच्या पाण्यावर खाडीत आणायचा, हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. ७१व्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात आणि पाय गेला. बोलणं दोन-तीन महिन्यांत परत आलं, अडखळत का होईना.

घरी अम्मी एकटी. मोठा भाऊ दोह्याला, मी ऐरोलीला, बहीण मुंब्र्याला दिलेली. मग आपण सगळे जे करतो तेच आम्ही केलं. ब्युरोतून बारा तासांसाठी एक मुलगा ठेवला, वॉकर आणला, कमोडची खुर्ची आणली. आणि मी माझ्या परीने भर घातली. मोबाइलवर एक तक्ता तयार केला. सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, साखर, गोळ्या, पोट साफ झालं का, लघवी किती वेळा, व्यायाम झाला का. मुलाने आकडे भरायचे, आकडा ठीक असला की चौकोन हिरवा, नसला की लाल. हॉलमध्ये कॅमेरा बसवला, म्हणजे दोह्याहून भाऊही बघेल. चार महिने तक्ता हिरवागार होता. मी ऑफिसात मित्रांना तो दाखवायचो, खरं सांगतो, अभिमानाने.

पाचव्या महिन्यात रोह्याहून फुफी आली. अर्धा तास अब्बांजवळ बसली आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "तुझ्या बापाने नमाज सोडलीये, तुला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने बार्जच्या केबिनमध्ये, भर पावसात, कधी वक्त चुकवला नाही, त्याने दोन महिने नमाज पढली नव्हती आणि आमच्या तक्त्यात त्यासाठी चौकोनच नव्हता. मग बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. वजन सहा किलो उतरलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. कुणी आलं की झोपेचं सोंग घ्यायचे. भावाचा फोन आला की "मी बरा आहे" म्हणून फोन अम्मीकडे द्यायचे. एकदा मुलाला म्हणाले होते, "आता माझा काय उपयोग?" त्याने ते आम्हाला सांगितलं नाही, कारण आम्ही त्याला कधी विचारलं नाही. त्याच्याकडून आम्हाला फक्त आकडे हवे होते.

घरात चर्चा झाली. कुणी म्हणालं वय झालं, होणारच. कुणी म्हणालं नजर लागली, दम करून आणा. सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आला तो शब्द म्हणजे सब्र. अब्बांना सांगायचं, सब्र करा. अम्मीला सांगायचं, सब्र कर.

सब्रबद्दल माझं काही म्हणणं आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ "गप्प बस" असा करून टाकलाय. याकूब अलैहिस्सलाम यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मुलगा हरवल्यावर सब्र करणारा बाप म्हणून त्यांचं उदाहरण देतात, आणि त्याच गोष्टीत ते इतके रडले की डोळे पांढरे झाले, हेही आहे. त्यांना कुणी बेसब्र म्हणत नाही. आणि दुःखाला आजार म्हणून बघणं ही काही आजची, परक्यांकडून घेतलेली गोष्ट नाही. अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे, इ.स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यात एक उदासी कारण असलेली आणि एक कारण न सापडणारी, असा फरक त्यांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी केला आहे. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, आणि त्यालाही इलाज लागतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. तेव्हा दम जरूर करा, माझी अम्मी रोज करते, पण डॉक्टरकडेही न्या.

आम्ही नेलं. पहिल्या डॉक्टरांनी, त्यांचं नाव घेत नाही, अब्बांसमोरच सांगितलं, "या वयात असं चालायचंच." यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन आता बदलत नाही, ही समजूत फार जुनी आहे. खुद्द फ्रॉइडने १९०५ मध्ये लिहिलं होतं की पन्नाशीच्या आसपास माणसाच्या मनाची लवचिकता संपते, त्यामुळे त्यांच्यावर ही चिकित्सा करण्यात अर्थ नाही. तेव्हा तो स्वतः पन्नाशीला टेकला होता, आणि पुढे तीसेक वर्षं आपली मतं बदलत, नवीन लिहीत राहिला! नंतरच्या अभ्यासांनी ती समजूत खोटी ठरवली आहे. साठी-सत्तरीच्या, ऐंशीच्या माणसांनाही बोलण्यातून केलेल्या उपचारांचा फायदा होतो.

किती लोकांना हा त्रास आहे? केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ज्येष्ठांची देशभर एक मोठी पाहणी केली, २०१७-१८ मध्ये, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. तिला 'लासी' म्हणतात. त्यात साठीच्या पुढच्या शंभरातल्या साधारण आठ जणांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. पण ज्यांना कुठल्या डॉक्टरने "तुम्हाला नैराश्य आहे" असं सांगितलं होतं, ते शंभरात एकही भरत नव्हते. म्हणजे दहातल्या नऊ जणांचा आजार कुणी ओळखलेलाच नव्हता. लकव्यानंतर तर हे प्रमाण खूप वाढतं. जगभरचे अभ्यास बघितले तर तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. हे मला लकव्याच्या पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं. फिजिओथेरपी कशी करायची ते सांगितलं, हे नाही सांगितलं.

शिवाय आपले म्हातारे "मी उदास आहे" असं म्हणत नाहीत. म्हणतात, जीव घाबरतो, अंग मोडून येतं, तोंडाला चव नाही, झोप नाही. म्हणून आपण पोटाच्या गोळ्या आणत राहतो.

मग पनवेलच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बघितली, कारण काही औषधांनीही माणूस मलूल होतो. एक हलकी गोळी सुरू केली आणि सांगितलं की हे अर्धंच काम आहे, यांना कुणाशी तरी पद्धतशीर बोलावं लागेल. आम्ही एकमेकांकडे बघितलं. अब्बा आणि बोलणार? आमच्या घरात बाप म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

त्यांनी एका ताईंचं नाव दिलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मराठी बोलणाऱ्या, मुसलमान नव्हत्या. फुफीला तेवढ्यावरून शंका होती की आपल्या गोष्टी यांना काय कळणार. पहिल्या दोन बैठका घरी झाल्या, पुढच्या व्हिडिओवर. आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि कॅमेरा बंद करायला लावला. माझा कॅमेरा! मला राग आला होता.

पुढचं सगळं अब्बांच्या परवानगीने सांगतोय. ते म्हणाले, सांग, दुसऱ्या कुणाच्या बापाला उपयोग होईल.

ताईंनी त्यांना "तुम्हाला कसं वाटतं" असं विचारलंच नाही. विचारलं, लकवा यायच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा? उठायचात कधी? मग काय? पहिल्या तीन बैठका यातच गेल्या. त्यात फजरची नमाज आली, जेट्टी आली, चहाची टपरी आली. चौथ्या बैठकीत त्यांनी विचारलं, यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं? अब्बा म्हणाले, नमाज. मग आता का नाही? बराच वेळ गप्प बसले आणि मग सांगितलं. लघवी थांबत नाही. कधी होते कळत नाही. डायपर लावलेला असतो. "मी दिवसभर नापाक असतो. अशा अंगाने अल्लाहसमोर कसा उभा राहू?"

आम्ही डायपर लावला तेव्हा प्रश्न सुटला असं मानलं होतं. चादर कोरडी, तक्ता हिरवा. आणि त्याच दिवसापासून अब्बांनी स्वतःला नमाजेतून, पर्यायाने सगळ्यांतून, बाजूला काढलं होतं. दोन महिने ते हे एकटे घेऊन पडले होते. हे मुलाला सांगणार कसं? बायकोलाही सांगितलं नव्हतं.

इथे ताईंनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्या पद्धतीला नाव आहे: समस्या सोडवण्याची चिकित्सा, प्रॉब्लेम सॉल्व्हिंग थेरपी. त्या "देवाला सगळं कळतं, काळजी करू नका" असं म्हणाल्या नाहीत. मला यातलं काही ठाऊक नाही, असं सरळ सांगितलं. मग अब्बांच्या हातात कागद-पेन दिलं, डाव्या हातात. प्रश्न एकच लिहायचा, नेमका. त्याच्यापुढे जे जे उपाय सुचतील ते सगळे लिहायचे, वेडगळ वाटले तरी. मग एकेकाचे फायदे-तोटे बघायचे, एक निवडायचा, तो आठवडाभर करून बघायचा, आणि पुढच्या बैठकीत सांगायचं काय झालं. जमलं नाही तर दुसरा. बस. आमच्या क्षेत्रात बग शोधताना आम्ही दुसरं काय करतो? फरक इतकाच की इथे उपाय ज्याचा त्याने शोधायचा असतो. समोरचा फक्त प्रश्न विचारत राहतो.

अब्बांच्या यादीत पहिलं होतं, खतीब साहेबांना विचारणं. दुसरं, लघवीच्या डॉक्टरांना दाखवणं. तिसरं, ती पाण्याची गोळी संध्याकाळी का देतात ते विचारणं. ही तिसरी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी ती सकाळवर आणली, रात्रीचा निम्मा त्रास कमी झाला.

खतीब साहेब घरी आले. त्यांनी जे सांगितलं ते खरं तर आपल्याला मदरशात शिकवलेलं असतं, आपण विसरतो. ज्याला असा न थांबणारा त्रास आहे तो माजूर. त्याने वक्त झाल्यावर स्वच्छता करायची, कपडा बदलायचा, वजू करायचा आणि नमाज पढायची. त्यानंतर जे त्याच्या आवाक्याबाहेर आहे त्याने त्याची नमाज अडत नाही. आपण इथे बहुतेक शाफई आहोत, त्यांनी त्याप्रमाणे सांगितलं. तुमच्या घरी प्रश्न असेल तर तुमच्या इथल्या जाणकाराला तपशील विचारा. पंधरा मिनिटांचं काम होतं. पण ते पंधरा मिनिटांचं काम आहे हे कळायला चार बैठका लागल्या, आणि एक बाई लागली जिला आमच्या घरातली उत्तरं आधीच ठाऊक नव्हती. तिला ठाऊक असती तर तिनेही कदाचित विचारलं नसतं.

अब्बांनी सुरुवातीला फक्त जोहर पढली, खुर्चीवर बसून. महिन्याभराने चार वक्त. फजर अजून चुकते.

आता हे सगळं आमच्या घरात झालं, त्यावरून शास्त्र होत नाही. म्हणून गोव्याचं सांगतो. कोकणातल्या आपल्यासारख्याच गावांमध्ये झालेलं काम आहे. गोव्यात १९९६ पासून 'संगाथ' नावाची संस्था आहे. कोकणीत त्या शब्दाचा अर्थ सोबत. तिथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि अमेरिकेतले डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या साठीच्या पुढच्या १८१ लोकांबरोबर एक प्रयोग केला. या लोकांना पुरतं नैराश्य आलेलं नव्हतं, पण सुरुवातीची लक्षणं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर हीच समस्या सोडवण्याची पद्धत, झोप सुधारण्याच्या सवयी, मधुमेहासारखे आजार सांभाळायची माहिती आणि सरकारी योजना मिळवून द्यायला मदत. वर्षाने बघितलं तर नेहमीच्या उपचारांच्या ९० जणांपैकी १३ जणांना नैराश्य आलं होतं. दुसऱ्या गटातल्या ९१ पैकी चौघांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, वैद्यकातल्या नामांकित नियतकालिकात.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे काम डॉक्टरांनी केलं नाही. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं, वरती तज्ज्ञांची देखरेख ठेवली, आणि ती माणसं म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलली. बोलीचा मुद्दा आपल्यासाठी लहान नाही. माझी दादी हयात असती तर तिने मनातलं फक्त आपल्या कोकणीत सांगितलं असतं. ती उर्दूत दुआ मागायची, मराठीत बाजार करायची, पण भांडायची आणि रडायची कोकणीत. आपल्या गावागावांत पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली आहेत, ही बोली त्यांच्या तोंडात आहे. त्यांना अशी कामं शिकवायची का, हा विचार आपल्या मंडळींनी करावा असं मला वाटतं.

झिंबाब्वेत तर याच्याही पुढे गेले. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून हरारेत आज्यांनाच ही पद्धत शिकवली. दवाखान्याबाहेर बाकड्यावर आजी बसते आणि त्रासलेली माणसं तिच्याशी बोलायला येतात. आपण आज्यांना फक्त सांभाळायची वस्तू समजतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

अब्बांच्या बाबतीतही असंच काहीसं झालं. सहाव्या बैठकीत ताईंनी त्यांना विचारलं, एवढा मोठा बार्ज खाडीत वेळेवर कसा आणायचात? तर त्यांनी अर्धा तास भरती-ओहोटी शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. चांदाची तारीख धरली तर एखादा दिवस पुढे-मागे. खाडीत आत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो तो मिळवायचा. एका ओळीचा अल्गोरिदम आहे, आणि सारंगाच्या मुलाला तो पस्तिसाव्या वर्षी एका परक्या बाईमुळे कळला. आता ते रोज सकाळी डाव्या हाताने पाटीवर भरतीची वेळ लिहितात. शेजारच्या गावातले त्यांचे आगरी दोस्त मासेमारीला जायच्या आधी येऊन ती बघतात. भरतीची वेळ मोबाइलवर मिळते हे त्यांनाही ठाऊक आहे.

दोह्याच्या भावालाही ताईंनी एक काम दिलं होतं. तो रोज फोन करायचा आणि रोज तेच: जेवलात का, गोळी घेतली का. त्या म्हणाल्या, रोज एक असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा त्यांना जास्त चांगलं ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्याला एकही सुचेना. मग विचारलं, कुवेतला तुम्ही पहिल्यांदा उतरलात तेव्हा काय झालं होतं? त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. तुमच्यापैकी ज्यांचे भाऊ आखातात आहेत त्यांनी हे त्यांना जरूर सांगा. तेही तिथे एकटेच असतात.

आता अम्मीबद्दल. तिच्याबद्दल मला आधी बोलायला हवं होतं. आमच्या घरातही हाच क्रम झाला, ती शेवटी.

पाचव्या बैठकीनंतर ताई म्हणाल्या, मला आता एकदा तुमच्या आईंशी एकट्याने बोलायचंय. अम्मी म्हणाली, मला काय झालंय? मी ठणठणीत आहे. तरी बसली. नंतर तिनेच मला सांगितलं की आत जाऊन ती पहिली दहा मिनिटं नुसती रडली. दोन वर्षं ती रोह्याला बहिणीकडे गेली नव्हती. मेव्हण्यांच्या मय्यतीला जाऊन तासाभरात परत आली होती. रात्री तीन वेळा उठायचं, दिवसा मुलगा असला तरी स्वयंपाक, पाहुणे, वर अब्बांचा राग. आणि लोक काय म्हणायचे, तर "जन्नत कमावते आहेस." मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. तिला त्या वेळी एक रात्र पूर्ण झोप हवी होती.

गोव्यातच डॉ. डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. घरी येऊन सल्ला आणि आधार देणारी साधी प्रशिक्षित माणसं नेमली होती. त्याने रुग्ण बरे झाले नाहीत, तो आजार बरा होत नाही, पण सांभाळणाऱ्यांच्या मनाची स्थिती सुधारली. आपल्याकडे सांभाळणारी म्हणजे बायको, सून, किंवा लग्न न झालेली फुफी. तुमच्या घरी कोण आहे ते आठवा. आणि ब्युरोच्या मुलाला विसरू नका. आमच्याकडचा बावीस वर्षांचा आहे, घरापासून दूर, बारा तास एका म्हाताऱ्याजवळ. अब्बा काय बोलतात हे तोच सगळ्यात जास्त ऐकतो. आता त्याला आम्ही रोज विचारतो. त्याचा चहाही आता आमच्याबरोबर होतो, हे सांगायला लाज वाटते की आधी होत नव्हता.

आमच्याकडे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. गेल्या पावसाळ्यात अब्बा पुन्हा घसरले. पाय सुजला, आठवडाभर वीज नव्हती, कुणी आलं नाही, पाटी कोरी. पुन्हा दोन बैठका घ्याव्या लागल्या. हात परत आला नाही, येणारही नाही बहुधा. रमजानचं दुःख वेगळंच आहे. इन्सुलिनमुळे रोजे बंद, फिदिया देतो, पण सगळं घर रोज्यात असताना ते स्वयंपाकघरात दार लोटून जेवायचे. या वर्षी अम्मीने त्यांना इफ्तारीची फळं कापायला बसवलं, डाव्या हाताने, वाकडीतिकडी. दार लोटून जेवणं थांबलं का? नाही, पण मगरिबच्या आधी ते हॉलमध्ये असतात.

थोडं कामाचं सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक म्हणून पाटी कुणीही लावू शकतं, तेव्हा शिक्षण विचारा. पैसे आम्हाला परवडले, सगळ्यांना परवडणार नाहीत. सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक उपचार मिळणं हा हक्क ठरवला आहे, आणि विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांसारखाच धरायला सांगितलंय. तरी बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, तेव्हा पॉलिसी नीट वाचा. आपल्याच जिल्ह्यात नेरळला डिग्निटी फाउंडेशनची ज्येष्ठांची वसाहत आहे. कुणाला तिथे किंवा अशा दुसऱ्या ठिकाणी राहावं लागलं तर त्या घराला नावं ठेवू नका, भेटायला जा.

दोन गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, ओळखेना झालं, तर ते मनाचं नाही, बहुधा जंतुसंसर्ग किंवा सोडियम कमी झालेलं असतं, लगेच दवाखान्यात न्या. आणि "मला मरायचंय" असं कुणी म्हणालं, तर तौबा तौबा करून तोंड बंद करू नका. जवळ बसा, विचारा, एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो.

घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला आजही काही नातेवाईक म्हणतील. आजचं भाषण ऐकून तर नक्कीच म्हणतील. मी अब्बांना परत एकदा विचारलं होतं, निघायच्या आधी. ते म्हणाले, "पाण्याच्या गोळीचं सांग विसरू नकोस, ते बऱ्याच जणांचं तसंच असेल."

तक्ता अजून आहे. त्यात आता मुलाने रोज एक ओळ लिहायची असते, अब्बा आज काय बोलले. त्याला रंग दिलेला नाही.

प्रश्न असतील तर आत्ताच विचारा. अम्मी काल रोह्याला गेलीये, परवा येणार आहे. मुलाची ड्युटी सातला संपते, त्याआधी मला घरी पोचायचंय.